शंभर रुपयांतले सहा पैसे
(लेखमाला ‘हिशेब शिक्षणाचा’ : भाग 7)

गेल्या आठवड्यात आपण प्राथमिक शाळांवरचा सरकारी खर्च पाहिला. आज त्याच्या आधीचा टप्पा, तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा. तुलनेला घेतला आहे फ्रान्स, कारण तिथली ‘एकोल मातेर्नेल’ आणि आपली अंगणवाडी या दोन्ही गरिबांच्या लेकरांसाठी सुरू झाल्या. कामगार आयांची मुलं सांभाळणाऱ्या आश्रयशाळांना फ्रान्सने 1881 मध्ये शाळेचा दर्जा दिला. ही मुलं नुसती सांभाळायची नाहीत, शिकवायची आहेत, हा आग्रह पोलीन केर्गोमार या निरीक्षक बाईंनी आयुष्यभर धरला. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला तेच केलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. 1975 मध्ये केंद्राची एकात्मिक बालविकास योजना आली आणि तो देशभर गेला.

आता आकडे. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘सक्षम अंगणवाडी आणि पोषण 2.0’ साठी 21,960 कोटी रुपये आहेत. अंगणवाड्या सुमारे 14 लाख. एकीच्या वाट्याला वर्षाला साधारण 1 लाख 57 हजार येतात. फ्रान्समध्ये मातेर्नेलच्या एकेका मुलावर वर्षाला 7 हजार युरोंहून जास्त खर्च होतो, म्हणजे सहा लाख रुपयांच्या वर. पण असा रुपयांत केलेला हिशेब फसवा असतो. तिथली महागाई वेगळी, पगार वेगळे. म्हणून देशाच्या एकूण उत्पन्नातला वाटा बघायचा. फ्रान्स दर शंभर रुपयांतले सुमारे 70 पैसे या मुलांवर घालतो. आपल्या केंद्राची तरतूद शंभरात सहा पैसे भरते. राज्यांचा वाटा धरून ती दुप्पट केली, तरी बारा-तेरा पैसेच.

शिवाय हे सहा पैसे एकट्या शिक्षणाचे नाहीत. गरोदर बायांचा आणि स्तनदा मातांचा आहार, सहा महिन्यांपुढच्या बाळांचा आहार, वजन-उंची, लसीकरणाचा पाठपुरावा, सगळं त्यातच. मी पाहिलेल्या एका अंगणवाडीत सकाळी दहाला मदतनीस खिचडी ढवळत होती आणि सेविका वजनकाट्याजवळ बसून ‘पोषण ट्रॅकर’ या सरकारी ॲपवर एकेक नाव भरत होती. नेट येत-जात होतं. समोर पंधरा-सोळा पोरं हाताची घडी घालून बसलेली. “एवढी नोंद झाली की गाणं घेते हं,” ती त्यांना म्हणाली. गाण्याची पाळी आली तेव्हा खिचडी तयार झाली होती. त्या बाईच्या कष्टात काही कमी नव्हतं. तिच्याकडे शिकवायला वेळच उरला नव्हता.

फ्रान्सचे 70 पैसे जातात कुठे? मुख्यतः पगारात. मातेर्नेलची शिक्षिका आणि पुढच्या प्राथमिक शाळेची शिक्षिका एकाच श्रेणीतल्या, पात्रता तीच, वेतन तेच. तिचा पगार केंद्र सरकार देतं. इमारत आणि वर्गातली मदतनीस ही नगरपालिकेची जबाबदारी. सप्टेंबर 2019 पासून तिथे तिसऱ्या वर्षापासून शिक्षण सक्तीचं झालं. तोवर जवळपास सगळी मुलं आपणहून येतच होती, पण सक्तीमुळे नगरपालिकांना सरकारशी करार असलेल्या खासगी मातेर्नेलचाही भार उचलावा लागला आणि त्यावर तिथे बरीच टीका झाली. ती टीका मला रास्त वाटते.

आपला शिक्षणहक्क कायदा मात्र सहाव्या वर्षी सुरू होतो. त्याआधीच्या मुलांची सोय सरकार ‘करू शकेल’, एवढंच त्यात आहे. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने अंगणवाडीची तीन वर्षं शालेय रचनेत धरली, पण सेविका अजून मानसेवीच. तिला वेतन नाही, मानधन मिळतं. त्यातला केंद्राने ठरवलेला आकडा ऑक्टोबर 2018 पासून महिना 4,500 रुपये आहे. राज्यं त्यात आपापली भर घालतात.

ताराबाईंनी अंगणात नेली ती शाळा होती. तिथे शिकवणाऱ्या बाईला शिक्षिका म्हणा, तिला शिक्षिकेचं वेतन द्या आणि नोंदी ठेवायला दुसरं माणूस नेमा. सहा पैशांत हे होणार नाही.