प्रवाहाचे फर्मान

दूरस्थ संगणकावर ईमॅक्स हा मजकूर-संपादक चालवीत असता, मजकूर जतन करण्यासाठी कंट्रोल-एक्स व कंट्रोल-एस दाबताच पडदा निश्चल झाला, तर यंत्र बिघडले असे समजू नये. आस्की संकेतावलीतील १९ क्रमांकाचे कंट्रोल-एस हे चिन्ह प्रवाह थांबविण्याचे फर्मान असल्याने, वाटेतील एखादा दुवा ते स्वतःच अमलात आणतो, आणि १७ क्रमांकाचे कंट्रोल-क्यू येताच ओघ पूर्ववत होतो. उलटपक्षी, व्हीटी-१०० सारखे टर्मिनल आपला अक्षरसाठा भरत आला की हेच फर्मान आपणहून रवाना करी, तेव्हा ईमॅक्समध्ये एकटे कंट्रोल-एस शोधासाठी असल्याने त्यास ती शोधाची आज्ञा वाटून अक्षरे गहाळ होत. आज्ञा व मजकूर एकाच वाहिनीतून धाडण्याचा हा परिणाम होय. म्हणूनच अशा जोडणीवर शोधाचे काम दुसऱ्या कळीकडे सोपविण्याची ईमॅक्समधील तजवीज अवश्य अवलंबावी.