पहिल्याच वर्षी इंटर्नशिप? कंग्राळीच्या पोरांनो, वाचा!

कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला कॅम्पसवर कंपन्या आपल्यासाठी येत नाहीत. मग आपणच दार ठोठावायचं.

१) फॉसी, आयआयटी मुंबई : केंद्र सरकारच्या निधीवर चालणारा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प. उन्हाळी फेलोशिपसाठी आधी एक काम करून पाठवावं लागतं. कॉलेजच्या नावापेक्षा ते काम बोलतं.

२) गूगल समर ऑफ कोड : मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांवर काम करायचा उपक्रम, २००५ पासून सुरू. वय १८ पूर्ण हवं. काम घरबसल्या, मानधनही मिळतं. अर्ज मार्च-एप्रिलच्या सुमारास. पण दिवाळीपासूनच एखादा प्रकल्प निवडून त्यातले छोटे बग सोडवायला घ्या. ओळख तिथेच होते.

३) उद्यमबाग : बेळगावच्या या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या छोट्या कारखान्याच्या मालकांना भेटा. "साहेब, स्टॉकची वही कॉम्प्युटरवर आणून देऊ का?" एवढंच विचारा. खऱ्या ग्राहकाचं काम बायोडेटात उठून दिसतं.

मराठी माध्यमातून आलात? आयआयटी मुंबईच्याच स्पोकन ट्युटोरियलवर मराठीतून मोफत धडे आहेत. सोबत गिट शिका आणि आपला कोड गिटहबवर ठेवा.

आणि हो, इंटर्नशिप देतो म्हणून कुणी फी मागितली, तर सरळ नमस्कार करून निघा!