तांत्रिक लेखन

तांत्रिक लेखन म्हणजे एखादे यंत्र, उपकरण किंवा संगणक प्रणाली कशी जोडावी, वापरावी व सांभाळावी याची माहिती वापरकर्त्याला समजेल अशा क्रमाने व भाषेत लिहिणे होय. हे काम व्यवसाय म्हणून करणाऱ्या व्यक्तीस तांत्रिक लेखक म्हणतात. वापरपुस्तिका, जोडणीच्या सूचना, पडद्यावरील मदतीचा मजकूर, सुरक्षासूचना आणि प्रशिक्षणासाठीच्या हस्तपुस्तिका हे या लेखनाचे प्रमुख प्रकार आहेत.

इतिहास

अमेरिकेतील बायनॅक या संगणकासाठी जोसेफ चॅपलाइन यांनी १९४९ साली लिहिलेली पुस्तिका ही संगणकाच्या सर्वांत आरंभीच्या वापरपुस्तिकांपैकी एक मानली जाते. पुढे उत्पादनांच्या आवृत्त्या वाढल्या, तसा एकच मजकूर अनेक पुस्तिकांत पुन्हा वापरण्याची गरज निर्माण झाली. त्यासाठी आयबीएम कंपनीत विकसित झालेल्या 'डिटा' या पद्धतीस २००५ साली ओअ‍ॅसिस या संस्थेने मानक म्हणून मान्यता दिली. भारतात हा व्यवसाय मुख्यतः बंगळूर, हैदराबाद व पुणे येथील संगणक उद्योगाबरोबर वाढला.

कामाचे स्वरूप

तांत्रिक लेखक प्रथम अभियंत्यांकडून उत्पादनाची माहिती घेतो, नंतर ते स्वतः हाताळतो आणि मगच कृतीचा क्रम लिहितो. तयार मसुदा अभियंत्यांकडून तपासून घेतला जातो. तो नवख्या व्यक्तीच्या हाती देऊन, तिला केवळ मजकुराच्या आधारे काम जमते का, हेही पाहिले जाते. संगणक प्रणालीचा मजकूर प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर बदलावा लागतो. यंत्राची छापील पुस्तिका मात्र त्या यंत्राबरोबर अनेक वर्षे राहते. म्हणून तिच्यातील चूक अधिक काळ टिकते.

उदाहरण : इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्र

इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्राचा पहिला वापर १९८२ साली केरळमधील परवूर मतदारसंघातील ५० मतदान केंद्रांवर झाला. यंत्राच्या बाह्य रचनेत मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ए. जी. राव व रवी पूवैया यांचा सहभाग होता. बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या दोन सरकारी कंपन्या हे यंत्र तयार करतात.

मात्र हे यंत्र मतदानाच्या दिवशी हाताळणारे बहुतेक जण तंत्रज्ञ नसतात. बुलढाणा लोकसभा मतदारसंघात बुलढाणा, चिखली, सिंदखेड राजा, मेहकर, खामगाव व जळगाव (जामोद) हे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. राज्यात इतरत्र असते त्याप्रमाणे येथेही शिक्षक व शासकीय कर्मचारी हे काम करतात. २६ एप्रिल २०२४ रोजी येथे लोकसभेसाठी मतदान झाले. काही वर्षांतून एकदा यंत्र हाती घेणाऱ्या मतदान केंद्राध्यक्षास प्रशिक्षण आणि हस्तपुस्तिका यांचाच आधार असतो.

मतदानापूर्वी प्रतिनिधींसमक्ष किमान ५० मतांचे अभिरूप मतदान घेतले जाते. त्यानंतर नियंत्रण युनिटावरील 'क्लोज', 'रिझल्ट' व 'क्लिअर' ही बटणे याच क्रमाने दाबावयाची असतात. व्हीव्हीपॅटमधील अभिरूप मतदानाच्या चिठ्ठ्याही काढून घ्याव्या लागतात. 'क्लिअर' राहून गेल्यास चाचणीची मते खऱ्या मतांत मिसळतात आणि मोजणीच्या वेळी ते यंत्र बाजूला ठेवावे लागते.

मतदान संपल्यावर पुन्हा 'क्लोज' दाबून एकूण मतांची नोंद नमुना १७ग मध्ये केली जाते. त्यानंतर यंत्राचा वीजपुरवठा बंद केला जातो. या दोन्ही कृतींसाठी मराठीत 'यंत्र बंद करा' असेच लिहिले, तर वाचकाचा घोटाळा होऊ शकतो. 'क्लोज' न दाबता केवळ वीजपुरवठा बंद केल्यास मोजणीच्या वेळी यंत्र निकाल दाखवत नाही. म्हणून अशा लेखनात बटणाचे नाव यंत्रावर आहे तसेच द्यावे, एका वाक्यात एकच कृती सांगावी आणि धोक्याची सूचना कृतीच्या आधी द्यावी, असा संकेत आहे.

मराठीतील परिभाषा

महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाची स्थापना १९६० साली झाली. या संचालनालयाने विविध विषयांचे परिभाषा कोश प्रसिद्ध केले आहेत. तांत्रिक लेखनात कोशातील शब्द व रूढ इंग्रजी शब्द यांपैकी कोणताही निवडला, तरी तो संपूर्ण पुस्तिकेत सारखाच ठेवणे आवश्यक असते. ललित लेखनात गुण ठरणारा पर्यायी शब्दांचा वापर येथे दोष ठरतो, कारण नवा शब्द दिसताच वाचक नवी वस्तू शोधू लागतो.

कायदेशीर महत्त्व

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ८४ नुसार, हानी टाळण्यासाठी योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा अयोग्य वापराबाबतचा इशारा उत्पादनासोबत नसल्यास उत्पादकास जबाबदार धरता येते. त्यामुळे वापराच्या सूचना व इशारे यांकडे कायद्यानेही उत्पादनाचाच भाग म्हणून पाहिले आहे.