तबेल्याची फाईल

मार्गशीर्षात तापीकाठी सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते. हे गाव १ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होतं, आता नंदुरबारमध्ये आहे. पण जळगाव-धुळ्याच्या घोडेवाल्यांचे पाय आजही तिकडेच वळतात. मारवाडी, काठियावाडी, नुकरा अशी जनावरं राजस्थान, गुजरात, पंजाबातून येतात. देवमणाचा शुभ भोवरा बघतात, चाल बघतात, सौदा ठरतो. तो घोडा घरी आणून बांधायचा कुठे, याची चर्चा तिथं होत नाही. शेतातल्या बांधकामांचे नकाशे आणि परवानगीच्या फायली तयार करणं हा माझा धंदा, त्यामुळे यात्रेनंतरची ही गोष्ट माझ्या टेबलावर येते.

साध्या शेतजमिनीत मार्ग आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ची. तिच्यात शेतावरच्या इमारतीची व्याख्या आहे: अवजारं, खत, चारा ठेवायची जागा, शेतकऱ्याचं घर, गुरांचा निवारा. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनेही शेती विभागात पाळीव जनावरांचे तबेले धरले आहेत. खरी अडचण जंगलाच्या कडेला येते. आपल्याकडे अशी कड लांबच लांब आहे. सातपुड्यात १९६९ पासून यावल अभयारण्य, शिरपूरकडे अनेर, आणि चाळीसगावच्या डोक्यावर गौताळा. शेवटची दोन्ही १९८६ची. अभयारण्याबाहेरच्या पट्ट्याला पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र म्हणतात. तिथं सातबारा आपल्या नावावर असला तरी तेवढ्यावर भागत नाही.

गौताळ्याच्या डोंगराखालच्या एका घराची फाईल मला पाठ आहे. वरातीच्या घोड्या पाळणारं कुटुंब, दोन घोड्या आणि एक शिंगरू. कुडाचा आडोसा मोडला, म्हणून चार खणांचा पक्का तबेला हवा होता. घरातले म्हातारे आबा मला म्हणाले, “भाऊ, घोडं काय जंगल खाई जाई का?” प्रश्न रास्त होता. पण फाईल अडली ती वेगळ्याच मुद्द्यावर. घोड्या भाड्याने जातात, मग हा वापर घरचा की व्यापारी? अशा क्षेत्रांच्या अधिसूचनांत साधारणपणे हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत नव्या व्यापारी बांधकामाला मनाई असते; स्थानिक माणसाला मात्र स्वतःच्या जमिनीत स्वतःच्या वापरासाठी बांधता येतं. कंपन्यांच्या मोठ्या पशुपालन प्रकल्पांवर वेगळं नियंत्रण असतं. दोन घोड्या आणि एक शिंगरू यांना त्या रांगेत बसवणं कुणालाच पटत नव्हतं, पण तसं लिहून सही करायला कुणी तयार नव्हतं.

गाठ सुटली ती स्थळपाहणीच्या दिवशी. वनखात्याचे जे अधिकारी आले, त्यांनी भिंतींची मापं घेतलीच नाहीत. त्यांनी विचारलं, लीद कुठे टाकता? पाणी कुठून आणता? रात्री दिवा किती वेळ जळतो? एक घोडा दिवसाला वीस-पंचवीस किलो लीद टाकतो, तीस-चाळीस लिटर पाणी पितो. तबेल्यामागून नाला वाहत होता आणि पावसाळ्यात सगळी लीद त्यात उतरली असती. मग त्यांनी शिंगराकडे बोट दाखवलं. २०१७ साली चाळीसगाव तालुक्यातल्या गिरणा पट्ट्यात बिबट्याने माणसं मारली होती, ती भीती गावात अजून जिवंत आहे. अर्ध्या भिंतीचा तबेला म्हणजे बिबट्याला रोजचं बोलावणं. जनावर गेलं की गाव चिडतं आणि मग बिबट्याचाही जीव जातो.

नकाशा नव्याने काढला. भिंत छतापर्यंत, वर हवेसाठी मजबूत जाळी, दार जाड. खताचा खड्डा नाल्यापासून लांब, चढाच्या बाजूला बांध घालून. बाहेर प्रखर दिवा नाही. लांबी पूर्व-पश्चिम ठेवली, कारण मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो आणि पश्चिमेचं ऊन जनावराला झोडपतं. पत्र्यावर पऱ्हाटीचा थर. जमीन मुरमाची, कारण सिमेंटच्या कोब्यावर घोड्याचे खूर आणि सांधे खराब होतात. या नकाशाला मंजुरी मिळाली. मूळ नकाशापेक्षा हा तबेला घोड्यांनाही जास्त मानवला.

दुसरी फाईल मी फक्त मत द्यायला पाहिली होती, कुठल्याशा धरणाच्या काठची. अर्जात तबेला. नकाशात सहा खण, प्रत्येकाला तीन फुटी दार, आत चकचकीत टाइल्स, शेजारी मोतद्दाराच्या म्हणून तीन खोल्या, प्रत्येकीला स्वतंत्र न्हाणीघर आणि पाण्याकडे तोंड करून सज्जा. तीन फुटी दारातून भरलेली घोडी नीट आत जात नाही, टाइल्सवर ती घसरून पडेल. पाहणीला आलेल्या भूमापकाने एवढंच विचारलं, “अगाडी-पिछाडीचे खुंटे कुठे ठोकणार?” उत्तर आलं नाही. फाईल त्रुटीत परत गेली, आणि ते योग्यच झालं. अशा एका अर्जामुळे पुढच्या दहा खऱ्या घोडेवाल्यांकडे संशयाने पाहिलं जातं. मला राग येतो तो याचा.

घोडा आणि संरक्षित डोंगर एकत्र नांदू शकतात, हे माथेरानने दाखवलं आहे. ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने ते पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र झालं. तिथं मोटारींना बंदी आहे आणि परवानाधारक प्रवासी घोडे शेकड्यांनी आहेत. तिथल्या रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवायचे की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यात घोडे घसरतात का, हाही मुद्दा होता. घोड्याच्या खुराची अशी दखल आमच्या सातपुड्याच्या पायथ्याला अजून कुणी घेतलेली नाही.

जिल्हा प्रशासनाला माझी विनंती आहे. चार-सहा घोड्यांच्या घरगुती तबेल्याचा एक नमुना नकाशा वनविभाग, पशुसंवर्धन आणि नगररचना यांनी मिळून काढावा, आणि वरातीला भाड्याने जाणारी घोडी ही स्थानिकाची उपजीविका आहे, असं स्पष्ट लिहावं. आणि घोडा घेणाऱ्यांनो, यात्रेला निघण्याआधी तलाठ्याकडून गट नंबर घ्या, तो वनविभागाच्या नकाशावर ठेवून बघा आणि हद्दीपासूनचं अंतर लेखी मागा. पाया खोदायचा तो त्यानंतर.