फटाक्याची किंमत कोण मोजतो? अत्तिबेलेच्या दुर्घटनेने पुढे आणलेला प्रश्न

दिवाळीतील आतषबाजीविषयीची चर्चा दरवर्षी धूर, आवाज आणि रात्रीची वेळमर्यादा या तीन मुद्द्यांभोवती फिरते. फटाका पेटल्यानंतर काय होते, याचाच विचार त्यात प्रामुख्याने असतो. मात्र बंगळुरूजवळील अत्तिबेले येथे ७ ऑक्टोबर २०२३ रोजी घडलेल्या दुर्घटनेने या चर्चेतील एक मोठी उणीव दाखवून दिली. तेथे जे दगावले, त्यांच्यासाठी दिवाळी अद्याप सुरूही झालेली नव्हती. फटाक्याने त्यांचे प्राण घेतले, ते तो विकला जाण्यापूर्वीच.

अत्तिबेले येथे काय घडले?

बंगळुरूच्या आग्नेय भागातील सर्जापूर रोड हा गेल्या पंचवीस वर्षांत झपाट्याने वाढलेला परिसर आहे. अगरा, बेळ्ळंदूर, कैकोंड्रहळ्ळी, दोड्डकन्नेल्ली, दोम्मसंद्र अशी गावे मागे टाकत हा रस्ता सर्जापूरला पोहोचतो. विप्रो या माहिती-तंत्रज्ञान कंपनीचे मुख्यालय याच रस्त्यावर आहे. दोन्ही बाजूंच्या गृहसंकुलांत देशाच्या सर्व भागांतून नोकरीनिमित्त आलेली कुटुंबे राहतात. त्यांत मराठी कुटुंबांची संख्याही लक्षणीय आहे. सर्जापूरहून पुढे गेल्यावर साधारण बारा किलोमीटरवर आनेकल तालुक्यातील अत्तिबेले हे गाव लागते आणि लगेचच तमिळनाडूची हद्द सुरू होते. शिवकाशीहून येणारा माल सीमेलगत तुलनेने स्वस्त मिळतो, या समजुतीने दिवाळीपूर्वी बंगळुरूकर या पट्ट्यातील दुकानांकडे मोठ्या संख्येने वळतात.

त्या शनिवारी दुपारी अत्तिबेले येथील फटाक्यांच्या एका दुकानवजा गोदामात वाहनातून माल उतरवला जात असताना आग लागली आणि काही क्षणांत साठ्याचा स्फोट झाला. सुरुवातीच्या काही तासांतच मृतांची संख्या चौदावर पोहोचली. त्यानंतरच्या दिवसांत जखमींपैकी काहींचा उपचारादरम्यान मृत्यू झाल्याने हा आकडा आणखी वाढला. मृतांमध्ये तमिळनाडूतील तरुण मोठ्या संख्येने होते. त्यांपैकी अनेक जण शिक्षण घेत होते आणि सणाच्या हंगामात चार पैसे मिळवण्यासाठी माल उतरवण्याच्या व खोकी भरण्याच्या तात्पुरत्या कामावर आले होते. धर्मपुरी जिल्ह्यातील एकाच गावाने या घटनेत आपली अनेक मुले गमावली.

कर्नाटकचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी घटनास्थळाला भेट देऊन तपास राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाकडे सोपवला. सुरक्षेचे नियम पाळले गेले नव्हते, असे त्यांनी नमूद केले. काही दिवसांतच मिरवणुका, विवाहसमारंभ आणि राजकीय कार्यक्रमांतील फटाक्यांवर बंदी घालण्याचा व केवळ हरित फटाक्यांनाच परवानगी देण्याचा निर्णय राज्य शासनाने जाहीर केला.

एकाच साखळीचे अनेक दुवे

अत्तिबेलेची घटना अपवादात्मक नाही. भारतातील बहुसंख्य फटाके तमिळनाडूच्या विरुधुनगर जिल्ह्यातील शिवकाशी परिसरात तयार होतात. कोरडे हवामान, अपुरी शेती आणि आगपेटीच्या उद्योगातून मिळालेले कौशल्य यांमुळे हा व्यवसाय तेथे रुजला. तेथील मुदलिपट्टी येथे ५ सप्टेंबर २०१२ रोजी एका कारखान्यात झालेल्या स्फोटांत ३८ जणांना प्राण गमवावे लागले. केरळमधील परवूर येथील पुट्टिंगल देवी मंदिरात १० एप्रिल २०१६ रोजी पहाटे आतषबाजीच्या साठ्याने पेट घेतला आणि शंभरहून अधिक भाविक मृत्युमुखी पडले. मध्य प्रदेशातील हरदा येथे फेब्रुवारी २०२४ मध्ये आणि गुजरातमधील डीसा येथे एप्रिल २०२५ मध्ये अशाच दुर्घटना घडल्या. डीसा येथील मृतांमध्ये परराज्यातून आलेल्या मजूर कुटुंबांतील स्त्रिया व मुलेही होती.

महाराष्ट्रही याला अपवाद राहिला नाही. पिंपरी-चिंचवडजवळील तळवडे येथे ८ डिसेंबर २०२३ रोजी वाढदिवसाच्या केकवर लावण्याच्या ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्यांच्या कारखान्यात आग लागली. तेथे बळी पडलेल्यांत प्रामुख्याने महिला कामगार होत्या. ज्या वस्तूला कोणी फटाका म्हणतही नाही, तिच्या पोटातही तीच ज्वालाग्राही दारू असते, हे या घटनेने दाखवले.

या सर्व ठिकाणी कारणांची यादी थोड्याफार फरकाने सारखीच आढळते. हंगामी मागणीमुळे मर्यादेपेक्षा अधिक साठा केला जातो, अप्रशिक्षित मजुरांकडून काम करून घेतले जाते आणि बाहेर पडण्याची वाट अपुरी असते. विक्रीचा जवळपास सारा व्यवहार दोन-तीन आठवड्यांत होत असल्याने घाई हा या व्यवसायाचा स्थायीभावच झाला आहे.

बघ्यांचे डोळे

साखळीच्या दुसऱ्या टोकाला घराचे अंगण आणि संकुलाचे आवार आहे. बंगळुरूतील मिंटो हे शासकीय नेत्र रुग्णालय शतकाहून अधिक काळ रुग्णसेवा करीत आहे. दिवाळीच्या दिवसांत तेथे आणि शहरातील अन्य नेत्ररुग्णालयांत फटाक्यांनी जखमी झालेल्यांची रीघ लागते. त्यांमध्ये लहान मुलांचे प्रमाण मोठे असते. दरवर्षी दिसणारी आणखी एक बाब म्हणजे, जखमींपैकी अनेकांनी स्वतः फटाका पेटवलेलाच नसतो. ते रस्त्याने जात असतात किंवा बाजूला उभे राहून पाहत असतात. बाहुलीवरील पारदर्शक पटल फाटणे, डोळ्याच्या आत रक्तस्राव होणे किंवा दृष्टिपटलाला इजा होणे अशा जखमांतून काहींची दृष्टी कायमची जाते.

धोक्याला खेळ समजण्याची वृत्तीही जीवघेणी ठरते. २०२४ च्या दिवाळीत दक्षिण बंगळुरूतील कोणनकुंटे येथे पैजेपोटी फटाका ठेवलेल्या खोक्यावर बसलेल्या एका तरुणाचा मृत्यू झाला होता.

हवेत आणि जमिनीवर काय उरते?

फटाक्यातील मूळ दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांचे मिश्रण. त्यात रंगासाठी धातूंचे क्षार मिसळले जातात. हिरव्या रंगासाठी बेरियम, लाल रंगासाठी स्ट्रॉन्शियम, निळ्यासाठी तांबे, तर पांढऱ्या लखलखाटासाठी अॅल्युमिनियमची भुकटी वापरली जाते. ज्वलनानंतर हे धातू नष्ट होत नाहीत. सूक्ष्म कणांच्या रूपाने ते हवेत तरंगतात आणि कालांतराने माती व पाण्यात उतरतात. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान असलेले कण, म्हणजेच ‘पीएम २.५’, थेट फुप्फुसांच्या खोल भागापर्यंत पोहोचतात. दमा, हृदयविकार असलेले रुग्ण, वृद्ध आणि बालके यांना त्यांचा त्रास सर्वाधिक होतो.

पुण्यातील चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ मध्ये नेहमीच्या सहा प्रकारच्या फटाक्यांचे मोजमाप केले. त्याचे निष्कर्ष अनेकांना धक्का देणारे होते. सर्वाधिक सूक्ष्म कण मोठ्या आवाजाच्या फटाक्यातून बाहेर पडत नसून मुलांच्या हाती निर्धास्तपणे दिल्या जाणाऱ्या नागगोळीतून बाहेर पडत असल्याचे आढळले. तिच्या ज्वलनाच्या वेळी दर घनमीटर हवेत ६४,५०० मायक्रोग्रॅम इतकी कमाल पातळी नोंदवली गेली. फटाक्यांच्या माळेसाठी हा आकडा ३८,५४० आणि फुलबाजीसाठी १०,३९० इतका होता. भारतात चोवीस तासांच्या सरासरीसाठी ठरवलेली मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे. क्षणिक पातळी आणि दिवसभराची सरासरी यांची थेट तुलना करता येत नाही. तरीही वाकून नागगोळी पाहणारे मूल कोणत्या हवेत श्वास घेते, याची कल्पना यावरून यावी.

आवाजाचा भार मुक्या जीवांवर अधिक पडतो. नेदरलँड्समध्ये हवामान रडारच्या साहाय्याने झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नववर्षाच्या मध्यरात्री आतषबाजी सुरू होताच हजारो पक्षी एकाच वेळी रात्रीच्या अंधारात उडाल्याचे दिसून आले. सर्जापूर रोडलगत नागरिकांच्या पुढाकाराने पुनरुज्जीवित झालेला कैकोंड्रहळ्ळी तलाव हे पक्ष्यांचे असेच आश्रयस्थान आहे. त्याच्या चारही बाजूंना आता दाट वस्ती आहे.

सणाच्या दुसऱ्या दिवशी उरतो तो कचरा. त्यात अर्धवट जळालेली दारू आणि रसायनांनी माखलेला कागद असतो. तो उचलणारे पौरकार्मिक, म्हणजे बंगळुरूचे सफाई कामगार, अनेकदा साध्या झाडूनेच हे काम करतात.

नियम आहेत, पण कशासाठी?

फटाक्यांच्या नियमनासाठी भारतात कायद्यांची वानवा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाच्या फटाक्यांना मनाई केली. फटाका फुटण्याच्या जागेपासून चार मीटर अंतरावर १२५ डेसिबलची मर्यादा त्यापूर्वीच लागू झाली होती. २०१५ मध्ये दिल्लीतील तीन बालकांच्या वतीने दाखल झालेल्या याचिकेवर २३ ऑक्टोबर २०१८ रोजी आलेल्या निकालाने दिवाळीत रात्री ८ ते १० ही वेळ निश्चित केली. बेरियमच्या क्षारांचा वापर, फटाक्यांच्या माळा आणि ऑनलाइन विक्री यांवरही न्यायालयाने बंदी घातली. मुंबई उच्च न्यायालयानेही नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईसाठी हीच दोन तासांची वेळ ठरवून दिली.

हरित फटाक्यांचे सूत्र नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या, म्हणजेच ‘नीरी’च्या पुढाकाराने विकसित झाले आणि २०१९ मध्ये ते बाजारात आले. या फटाक्यांतून सूक्ष्म कणांचे उत्सर्जन किमान ३० टक्क्यांनी कमी होणे अपेक्षित असते. ही प्रगती स्वागतार्ह आहे. तथापि, उत्सर्जन ३० टक्क्यांनी घटले तरी उरलेला मोठा भाग हवेत जातोच. शिवाय हरित फटाकाही स्फोटकच असतो. तो गोदामात पेटला, तर माल उतरवणाऱ्या मजुरासाठी त्याचा रंग कोणता, याला अर्थ राहत नाही.

त्या मजुराच्या रक्षणासाठीही नियम आहेत. स्फोटके नियम, २००८ नुसार फटाक्यांच्या तात्पुरत्या दुकानांमध्ये किमान तीन मीटरचे आणि सुरक्षित ठेवावयाच्या इमारतींपासून ५० मीटरचे अंतर आवश्यक आहे. दुकाने समोरासमोर नसावीत, एका ठिकाणी पन्नासपेक्षा अधिक नसावीत आणि तेथे उघडी ज्योत नसावी, असेही नियम सांगतो. परंतु रात्री दहानंतर वाजलेला फटाका संपूर्ण वस्तीला ऐकू जातो आणि तक्रार होते. गोदामात मर्यादेबाहेर रचलेली खोकी मात्र तेथे काम करणाऱ्यांशिवाय कोणालाही दिसत नाहीत. हंगामी मजुराने तक्रार करावी, अशी अपेक्षा ठेवणे अवघड आहे.

परंपरा आणि रोजगार

फटाक्यांवरील निर्बंधांना दोन आक्षेप घेतले जातात. पहिला रोजगाराचा. शिवकाशी परिसरातील लाखो लोकांचे पोट या व्यवसायावर अवलंबून आहे आणि हा मुद्दा झटकून टाकण्याजोगा नाही. मात्र सुरक्षित कामाची जागा, प्रशिक्षण आणि विमा यांची मागणी रोजगाराच्या विरोधात जात नाही. दुर्घटनांची झळ सर्वांत आधी याच कामगारांना बसते.

दुसरा आक्षेप परंपरेचा. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातील आतषबाजीच्या इतिहासाचा सखोल अभ्यास केला होता. तो १९५३ मध्ये बंगळुरूमधूनच प्रसिद्ध झाला. विजयनगरला १४४३ मध्ये आलेल्या अब्दुर रझ्झाक या इराणी दूताच्या वृत्तांतापासून पेशवाईपर्यंतचे दाखले त्यात आहेत. सवाई माधवराव पेशव्यांना महादजी शिंदे यांनी कोट्याच्या दिवाळीतील दारूकामाचे वर्णन ऐकवले, ही बखरीतील हकिगतही त्यात येते. दिव्यांचा सण त्याहून कितीतरी जुना आहे. शिवाय या जुन्या दारूकामाचे स्वरूपही वेगळे होते. जाणकार कारागिरांनी मोकळ्या जागेत ते करावे आणि लोकांनी दुरून पाहावे, अशी ती रीत होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सुचवलेला सामूहिक आतषबाजीचा पर्याय याच रीतीशी मिळताजुळता आहे.

नागरिक काय करू शकतात?

मोठ्या गृहसंकुलांना सामूहिक आतषबाजीचा निर्णय सहज घेता येण्याजोगा आहे. ठरलेल्या मैदानात, ठरलेल्या वेळी, मोजक्या फटाक्यांची आतषबाजी केल्यास खरेदी, धूर आणि कचरा तिन्ही घटतात. फटाके घ्यायचेच असतील, तर परवानाधारक दुकानातून आणि ‘नीरी’चे चिन्ह व क्यूआर कोड पाहून घ्यावेत. गर्दीच्या इमारतीत, एकच दार असलेल्या जागी माल रचलेला दिसल्यास अग्निशमन दलाला किंवा पोलिसांना कळवावे. जळालेले फटाके पाण्यात भिजवून, इतर कचऱ्यापासून वेगळे ठेवावेत.

डोळ्याला इजा झाल्यास तो चोळू नये, रुतलेला कण घरी काढण्याचा प्रयत्न करू नये आणि विनाविलंब नेत्रतज्ज्ञांकडे जावे. भाजलेल्या जागेवर किमान वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. टूथपेस्ट, शाई किंवा तेल लावू नये.

फटाक्याच्या खोक्यावर छापलेल्या किमतीत कारखान्यातील स्त्रीचे, गोदामातील विद्यार्थ्याचे, रस्त्याने जाणाऱ्या मुलाच्या डोळ्याचे आणि सकाळी रस्ता झाडणाऱ्या कामगाराचे मोल धरलेले नसते. वेळेचे आणि आवाजाचे बंधन हे खरेदीदाराच्या अंगणापुरते आहे. गोदामांची आणि कारखान्यांची तपासणी दिवाळीच्या आधी, माल भरला जात असतानाच काटेकोरपणे झाली नाही, तर अत्तिबेलेसारखी बातमी पुन्हा एखाद्या ऑक्टोबरमध्ये वाचावी लागेल.