धुरपतामधला 'त'

तीन कागद होते. रेशनकार्डावर धुरपताबाई, आधारवर द्रौपदी, बँकेच्या पासबुकावर दुरपदा. बाई एकच, माझी आजी, आणि ती माझ्या शेजारी बाकड्यावर बसलेली. अहमदपुरात एका कचेरीत वारसाच्या नोंदीसाठी गेलो होतो. टेबलामागच्या माणसाने तिन्ही कागद पत्त्यांसारखे मांडले आणि विचारले, "यातली खरी कोणती?" आजी म्हणाली, "मीच की रं बाबा, तिघीबी." त्याने ऐकून न ऐकल्यासारखे केले आणि प्रतिज्ञापत्र आणायला सांगितले. बाहेर झाडाखाली बसलेल्या टंकलेखकाकडे 'उपरोक्त तिन्ही नावे एकाच व्यक्तीची असून' हा मजकूर तयारच होता. त्याचे निम्मे पोट याच वाक्यावर चालत असावे. मसुद्यात त्याने मुख्य नाव 'द्रौपदी' घातले. का, म्हणून विचारले तर म्हणाला, "शुद्ध तेच ना, सर."

हा 'शुद्ध' शब्द मला पुढे बरेच दिवस टोचत राहिला.

धुरपता हे नाव पुण्या-मुंबईच्या वाचकाला कदाचित कानावरूनही गेले नसेल. अहमदपूर, उदगीर, कंधार, लोह्याकडे मात्र सत्तरीपुढच्या बायकांत ते अजून भेटते. धुरपता, धुरपदा, दुरपता, द्रुपदा अशी त्याची रूपे आहेत आणि हाक मारताना नुसते 'धुरपत'. ते द्रौपदीवरून आले हे सांगायला पंडित लागत नाही. पण द्रौपदी म्हणजे तरी काय?

द्रौपदी हे मुळात नाव नाहीच. द्रुपदाची मुलगी ती द्रौपदी, एवढाच त्याचा अर्थ. पांचाल देशाची म्हणून पांचाली, यज्ञसेन हे द्रुपदाचे दुसरे नाव म्हणून याज्ञसेनी. विराटाघरी वेणीफणी करायला राहिली तेव्हाची सैरंध्री हा तर धंद्याचा शब्द. तिचे स्वतःचे म्हणावे असे नाव कृष्णा, सावळ्या रंगावरून पडलेले. ते बाजूला पडले आणि बापाचे नाव तिला चिकटले. आता त्या बापाच्या नावाचा अर्थ पाहा. 'द्रु' म्हणजे झाड, लाकूड. 'द्रुपद' म्हणजे लाकडी खांब. ऋग्वेदात शुनःशेपाला तीन द्रुपदांना बांधल्याचा उल्लेख येतो, तिथे हा शब्द याच अर्थाने आहे. थोडक्यात, टंकलेखकाच्या शुद्ध नावाचा शुद्ध अर्थ 'खांबाची लेक' असा होतो. आजीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मंग काय खोटं हाय? सारं घर माझ्यावरच तर उबं व्हतं."

द्रौपदीची धुरपता झाली कशी, ही वाट मला अर्थाहून जास्त रंजक वाटते. शेवटाकडून सुरुवात करू. आपल्याकडच्या बोलीने पुराणातल्या कितीतरी बायकांच्या नावांचा शेवटचा 'ई' काढून तिथे 'आ' बसवला. कुंतीची कुंता झाली, देवकीची देवका. कुंताबाई आणि देवकाबाई कोणाला अशुद्ध वाटत नाहीत. त्याच चालीने द्रौपदीची द्रुपदा झाली. मग सुरुवातीचे जोडाक्षर फुटले. प्रपंचाचा परपंच, धर्माचा धरम होतो, तसा 'द्रु'चा 'दुर' झाला. व्याकरणात याला स्वरभक्ती म्हणतात. नाव मोठे वाटले तरी काम साधेच: तोंडाला अडणारी दोन व्यंजने एका स्वराने सुटी करायची.

'द'चा 'ध' कुठून आला? इथे माझा एक कयास आहे. भजनातल्या पालुपदाला ध्रुवपद म्हणतात, त्याचेच ध्रुपद, धृपद, आणि खेड्यातल्या टाळकऱ्याच्या तोंडी धुरपद. मुख्य गायकाने चरण म्हणायचा आणि मागच्यांनी धुरपद धरायचे. कीर्तनकारांच्या मागे उभे राहून आपण धृपद धरत होतो, असे तुकोबांनीही आपल्या आत्मचरित्रपर अभंगात सांगितले आहे. दर एकादशीला धुरपद ऐकणाऱ्या गावात द्रुपदा नावाची मुलगी जन्मली, तर तिची धुरपदा व्हायला कितीसा वेळ लागणार? दोन शब्दांचे मूळ अगदी वेगळे, एक खांबाचा आणि एक ध्रुवाचा. पण कान मुळे पाहत नाही. आणि आमच्या घरापुरते बोलायचे तर दोन्ही अर्थ लागू पडतात, कारण आजी तेच ते पुन्हा पुन्हा म्हणते.

राहिला 'त'. कचेरीतल्या माणसाला सगळ्यात जास्त खटकला तो हाच. पण हिंदीतल्या 'मदद'ची मराठीत 'मदत' झाली, 'पसंद'चे 'पसंत' झाले, तेव्हा कोणी प्रतिज्ञापत्र मागितले नव्हते. शब्दाच्या शेवटचा 'द' आपल्या जिभेला 'त'कडे ओढतो. हाक मारताना धुरपदचे धुरपत झाले आणि हाकेतला 'त' मग पूर्ण नावातही शिरला, असे मला वाटते.

या 'त'ला एक मोठा साक्षीदारही आहे, आणि तो आपल्याच भागातला. हिंगोली जिल्ह्यातले नरसी हे नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. त्यांची 61 पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. माली गउडा रागातल्या एका पदात दुःशासनाच्या सभेचा प्रसंग येतो, आणि तिथे नाव 'द्रौपदी' असे नाही, 'द्रोपती' असे आहे. 'त' आहे! ग्रंथाचे पहिले संकलन गुरू अर्जनदेवांनी 1604 मध्ये केले. नामदेव त्याच्या अडीचशे वर्षे आधीचे, त्यामुळे या 'त'मध्ये नामदेवांचा वाटा किती आणि पंजाबी लेखणीचा किती, यावर अभ्यासकांनी खुशाल भांडावे. चारशे वर्षांपूर्वी ते रूप ग्रंथात बसले होते, एवढे तर पक्के. 1708 मध्ये नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी याच ग्रंथाला गुरुपद दिले. अहमदपूर नांदेड-लातूर रस्त्यावर साधारण मधोमध. म्हणजे ज्या ग्रंथापुढे नांदेडला देशभरातली माणसे माथा टेकतात, त्या ग्रंथात 'त' चालतो. पुढच्या एसटी थांब्यावरच्या कचेरीत चालत नाही.

दक्षिणेत गेलो तर हा 'त' आणखी भेटतो. तमिळनाडूत द्रौपदी ही ग्रामदेवता आहे, द्रौपदी अम्मन. तिच्या उत्सवात भक्त निखाऱ्यांवरून चालतात. तमिळ लिपीत 'त' आणि 'द' यांना वेगळी अक्षरेच नाहीत, त्यामुळे तिथल्या देवीच्या नावातही आपला हा वाद उद्भवत नाही. बंगळुरूच्या धर्मराय मंदिराची करगा ही मिरवणूक चैत्री पौर्णिमेला निघते, तीही द्रौपदीचीच.

आणि राष्ट्रपती? द्रौपदी मुर्मू यांनी 25 जुलै 2022 रोजी पदाची शपथ घेतली. त्याआधी एका मुलाखतीत त्यांनी सांगितले होते की हे आपले मूळ नाव नव्हे. संथाळी नाव पुती. शाळेत दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्या शिक्षकांना ते रुचले नाही, त्यांनी बदलले. पुढे त्याचीही दुरपदी, दोरपदी अशी रूपे होत गेली. मयूरभंजची दुरपदी आणि अहमदपूरची दुरपदा! महाश्वेतादेवींच्या 'द्रौपदी' या कथेतली संथाळ नायिका दोपदी मेझेनसुद्धा अशीच, सरकारी कागदाचे नाव वेगळे आणि आपल्या माणसांच्या तोंडचे वेगळे. आमचा खटला एकट्या आजीचा नव्हता तर.

आता प्रश्न असा की मुलीला हे नाव ठेवायचे कशाला? जन्मभर सोसलेली बाई. पांढरपेशा घरांत सीता, सावित्री चालतात, द्रौपदी सहसा ठेवत नाहीत. पाच नवऱ्यांची थट्टा नको असते. पहाटेच्या पंचकन्यांच्या श्लोकात तिचे नाव घ्यायचे, पाळण्यात मात्र नाही. शेतकऱ्या-मजुरांच्या घरांनी ही भीड बाळगलेली दिसत नाही. त्यांची द्रौपदी श्रीधरस्वामींच्या 'पांडवप्रतापा'तून आणि कीर्तनातून आली. त्या द्रौपदीत दोन गोष्टी ठळक आहेत. एक, तिला भाऊ आहे, आणि हाक मारली की तो धावत येतो. कृष्णाच्या कापलेल्या बोटाला तिने आपले वस्त्र फाडून बांधले ही कथा 'श्यामची आई' (1953) या चित्रपटातल्या अत्र्यांच्या गाण्याने शहरात नेली. जात्यावरच्या बायकांना ती आधीपासून ठाऊक होती. सासरी जाणाऱ्या मुलीला बापाने द्यावा असा याहून मोठा आहेर कोणता? दोन, तिची थाळी. सूर्याने दिलेली, द्रौपदी जेवेपर्यंत न संपणारी. दर चार-दोन वर्षांनी पाऊस दगा देतो अशा बालाघाटाच्या माथ्यावर एखाद्या बापाला लेकीसाठी न संपणारी थाळी मागावीशी वाटली असेल, तर त्यात नवल नाही. हा माझा तर्क, पुरावा नव्हे. पण आजीचे नाव पहिल्यांदा कागदावर आले ते 1972च्या दुष्काळात, खडी फोडायच्या कामावरच्या मस्टरवर. मुकादमाने विचारले, तिने सांगितले, त्याने ऐकू आले तसे लिहिले: धुरपता. शुद्ध करायला त्याला वेळ नव्हता, आणि संध्याकाळी मजुरी त्याच नावावर मिळाली.

नावांच्या बाबतीत शास्त्र काय म्हणते ते पाहायला गेलो आणि हसू आले. गृह्यसूत्राप्रमाणे मुलीच्या नावात विषम अक्षरे असावीत. द्रौपदी तीन अक्षरी, चालते. धुरपता चार, बाद. 'बाई' लावून सहा, पुन्हा बाद. मनुस्मृती सांगते की नदीचे नाव असलेली मुलगी करू नये. हा नियम आमच्याकडे पाळला असता तर गोदावरी, चंद्रभागा, भागीरथी, गंगाबाई अशा निम्म्या आज्या बिनलग्नाच्या राहिल्या असत्या.

हे नाव किती जणींचे आहे? जनगणना घरोघर नावे विचारते, पण व्यक्तीची माहिती कायद्याने गुप्त असते. नावांची मोजदाद प्रसिद्ध होत नाही. राहतात मतदार याद्या. त्यांचाही इतिहास बायकांच्या बाबतीत सरळ नाही. 1951-52च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशभरातल्या सुमारे 28 लाख बायकांची नावे यादीतून वगळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढीच नोंद. यातल्या बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या होत्या. आमच्याकडची अडचण वेगळी. अहमदपूर तेव्हा हैदराबाद राज्यात, बीदर जिल्ह्यात. महसुली दप्तर उर्दूत. उर्दू लेखनात ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीतच नाहीत. धुरपता, धरपता, धिरपता यांतले कोणते, ते वाचणाऱ्याने ठरवायचे. 2023 साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी निजामकालीन दप्तरे उघडली गेली, तेव्हा पणजोबांची नावे शोधताना अनेक घरांना हा अनुभव आला. पणज्यांची नावे कोणी फारशी शोधत नव्हते.

आजची मतदार यादी वाचली तर गोष्ट उघड दिसते. धुरपता ज्या ओळीत आहे त्या ओळीतले वय मोठे आहे. तिच्या लेकी मंगल, सुनीता, छाया. नाती अश्विनी, पूजा. पणत्यांसाठी आता फोनवर नावे शोधली जातात आणि अट एकच असते, 'वर्गात दुसरी कोणी नको.' धृती, ध्रुवी अशी 'ध'ची नावे त्यातून निवडली जातात. वर्गातच काय, आख्ख्या तालुक्याच्या शाळांत दुसरी सापडणार नाही असे एक नाव ओसरीवर बसून लसूण सोलत असते, त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. मी माझ्या मुलीला ठेवले का? नाही. बायकोने विचारले, "शाळेत चिडवतील त्याचं काय?" मला उत्तर सुचले नाही.

राज्य सरकारच्या निर्णयाने 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचे, मग वडिलांचे नाव लागते. चांगले झाले. उशिरा झाले, कारण धुरपतांची बाळंतपणे संपून चाळीस-पन्नास वर्षे झाली. आजीच्या सहा मुलांच्या कुठल्याच दाखल्यावर तिचे नाव नाही. म्हणूनच तर वारसाच्या नोंदीला ती कोण हे तीन कागदांवरून सिद्ध करावे लागले.

प्रतिज्ञापत्रावर तिने अंगठा दिला तो 'द्रौपदी' या नावापुढे. मी टंकलेखकाला निदान 'ऊर्फ धुरपता' एवढे घालायला लावले. त्याचे त्याने वेगळे पैसे घेतले नाहीत.

वाचकहो, या दिवाळीत गावी जाल तेव्हा घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला तिचे नाव विचारा. लग्नात तांदळात अंगठीने लिहून बदललेले असेल तर माहेरचेही विचारा. ती उच्चारेल तसेच, शुद्ध न करता, वहीत लिहून ठेवा, आणि खाली तारीख घाला.