झाडाची तहान

उन्हाळ्यात आपला साग पाने टाकून मोकळा होतो. पाने नाहीत, म्हणजे पाण्याचा खर्च नाही. हिमालयातल्या देवदाराला ही सोय नाही. त्याची पाने सुईसारखी आणि बारा महिने हिरवी. मग कोरड पडली की तो काय करतो?

पानाला डोळ्यांना न दिसणारी भोके असतात. त्यांतून वाफ जाते, आणि मुळापासून शेंड्यापर्यंत पाणी वर ओढले जाते. ऊन कडक आणि वारा कोरडा असला की ही ओढ वाढते. जमिनीत ओल असली तर दुपारी दमलेले झाड रात्री पाणी भरून घेते. ओलच नसेल तर रात्र होऊन उपयोग काय?

ही तहान मोजतासुद्धा येते बरे का! आम्हाला आधी खरे वाटेना. पहाटे एक डहाळी कापतात. ती जाड लोखंडी भांड्यात घालतात, कापलेले टोक तेवढे बाहेर ठेवतात. मग आत हवेचा दाब वाढवत नेतात. टोकाला पाणी दिसले की थांबायचे. दाब जितका जास्त लागला, तितके झाड तहानलेले. पहाटेचा आकडा जमिनीची ओल सांगतो. दुपारच्या आकड्यात उन्हावाऱ्याची भर पडते.

फार तहान लागली की झाड भोके मिटून घेते. पाणी वाचते, पण अन्न कमी तयार होते. मग राळही पुरत नाही, आणि राळेनेच तर झाड किडे अडवते. अमेरिकेत कॅलिफोर्निया भागात २०१२ ते २०१६ असा दुष्काळ पडला. तिथे दहा कोटींहून जास्त झाडे वाळली. त्यांत बरीचशी सुईपानाची होती. साल पोखरणारे किडे लागल्यावरही झाड काही महिने हिरवेच दिसे. ते तांबडे पडेपर्यंत किडे शेजारच्या झाडावर गेलेले असत.